एजंटनं ‘नाही’वर मारलेल्या खुणा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात, नातू दोन वर्षांचा झाला तरी त्याला मांडीवर घेणं झालेलं नाही, आणि आता एकदाचा व्हिसा मिळालाय. मे महिन्यात निघून दीडशे दिवस राहायचा बेत आहे. बाई ६४ वर्षांच्या, थायरॉईडची गोळी सोडली तर तक्रार नाही. मिस्टर ६९ वर्षांचे, डिसेंबरात सत्तरी पूर्ण करतील. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह, ब्लडप्रेशर, आणि २०२१मध्ये अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसलाय.

प्रश्न प्रवास विम्याचा. ओळखीच्या एजंटनं दोघांचे मिळून २८ हजार सांगितलेत, वर “अँजिओप्लास्टी लिहू नका, उगाच अर्ज अडकेल” असा सल्लाही दिलाय. जावयानं तिकडच्या कंपनीचा १ लाख ५२ हजारांचा आकडा पाठवलाय. मिस्टर म्हणतात, “विमा कशाला? पतपेढीत आठ लाखांची ठेव आहे की.” शिवाय दिवाळीनंतर तिकिटं उतरतात, तेव्हाच जावं का, अशीही चर्चा घरात चाललीय.

बाई, एजंटनं भरलेल्या अर्जाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. तुमच्या सह्या व्हायच्या आहेत, पण आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढं ‘नाही’वर खुणा आधीच पडल्यात. वरपासून खालपर्यंत एका दमात मारलेल्या दिसतात. मधुमेहापुढंही ‘नाही’. या कागदावर सही करू नका.

आजार लपवला तर पॉलिसी मिळते, क्लेम मिळत नाही. समजा तिथं मिस्टरांच्या छातीत दुखलं. इमर्जन्सीत गेल्या गेल्या विचारणार, कोणत्या गोळ्या चालू आहेत? मिस्टर सांगणार: साखरेची, प्रेशरची, रक्त पातळ करायची, आणि चार-पाच वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. ते सांगायलाच हवं, उपचार त्यावरच ठरतात. तो जबाब केस पेपरवर चढतो आणि क्लेम आला की कंपनी पहिल्यांदा तोच केस पेपर मागवते. माझ्या मावशीचं असंच झालं. नाकातून रक्त आलं म्हणून टेक्सासमध्ये एक रात्र इमर्जन्सीत काढली. प्रेशरची गोळी अर्जात लिहिली नव्हती, क्लेम गेला. मावसभावानं ते बिल सव्वा वर्ष हप्त्यानं फेडलं, आणि मावशी अजून त्याच्यासमोर त्या प्रवासाचा विषय काढत नाही.

खरं लिहिणाऱ्याला काय मिळतं, तेही सांगतो. २००९मध्ये परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेऊन एक गृहस्थ अमेरिकेला गेले आणि सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरच त्यांना त्रास सुरू झाला. तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह त्यांनी अर्जात लिहिला होता, कंपनीनं वैद्यकीय तपासणीही करून घेतली होती. तरी क्लेम नाकारला. कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नव्हती, हेही एक कारण दिलं. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. जो आजार सांगितला आणि तपासून स्वीकारला, त्याच आजाराचं नाव पुढं करून हात वर करता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. अर्थात मधे बारा वर्षं गेली. म्हणून गोळ्यांच्या यादीतली किरकोळ वाटणारी गोळीसुद्धा लिहायची.

ठेवीचा मुद्दा लगेच संपतो. डॉलर ९० रुपये धरला तरी आठ लाखांचे नऊ हजार डॉलरही होत नाहीत. तिथं हृदयाचं काही निघून चार दिवस राहावं लागलं, तर बिल लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतं. तिकडं १९८६पासून कायदा आहे की पैसे नाहीत म्हणून इमर्जन्सीतला रुग्ण परत पाठवायचा नाही, त्याला आधी स्थिर करायचं. उपचार त्यामुळं मिळतील. पण बिल मागाहून येतंच, आणि गडबडीत मुलीनं बिलाच्या जबाबदारीच्या फॉर्मवर सही केलेली असली की ते तिच्या अंगावर येतं. तुमची इथली मेडिक्लेम तिथं चालत नाही. सत्तरीनंतर मिळणारं आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्डही भारतापुरतंच आहे.

आता एजंटच्या पॉलिसीकडं, खरं लिहून घेतली असं धरून. मुखपृष्ठावर ५० हजार डॉलर लिहिलंय, पण साठीच्या वरच्यांना बऱ्याच भारतीय पॉलिसींत आत वेगळी मर्यादा असते: खोलीला दिवसाला इतके, आयसीयूला इतके, सर्जनला इतके. बेरीज केली तर ५० हजारांपर्यंत पोचायला वाटच नसते. जुन्या आजाराचा उपचार बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. काही योजना फक्त जीवघेण्या प्रसंगात, ठरावीक डॉलरपर्यंत देतात. ते आकडे माहितीपत्रकात सापडणार नाहीत, पॉलिसीच्या मूळ अटींची पीडीएफ मागा. या पॉलिसीची एक बाजू मात्र भक्कम आहे. तंटा झालाच तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं ५० लाखांपर्यंतची तक्रार एक पैसा न भरता करता येते. नकार आल्यापासून वर्षाच्या आत गेलं पाहिजे.

जावयानं पाठवलेल्या योजनेत ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एग्झिस्टिंग कंडिशन्स’ असं एक कलम आहे. १ लाख ५२ हजारांतले खरे पैसे त्या कलमाचे. अर्थ असा: जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उसळला आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले, तर खर्च मिळतो. हृदयविकाराचा झटका त्यात बसू शकतो. महिनाभर साखर चढत गेली, पायाची जखम चिघळत गेली, तर ते बसत नाही. हळूहळू बिघडणारं कलमाबाहेर. नेहमीच्या तपासण्या आणि गोळ्याही बाहेर. काही योजनांत हृदयाच्या आजाराला वेगळी, बरीच लहान मर्यादा असते. जावयाला एवढंच विचारायला सांगा: ६९ वर्षांच्या, स्टेंट असलेल्या माणसाला झटका आला तर जास्तीत जास्त किती डॉलर? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

मिस्टरांसाठी मी हीच योजना घेईन. तुमच्यासाठी मात्र नाही. नवरा-बायकोनं एकच पॉलिसी घ्यायची असा काही नियम नाही, पण प्रीमियमचा आकडा दोघांचा एकत्र मागायची सवय असते आणि तिथंच पैसे जातात. तुमच्या थायरॉईडसाठी तिकडचं महाग कलम कशाला? इथली भारतीय पॉलिसी, थायरॉईड लिहून, पुरे.

मिस्टरांच्या योजनेतही प्रीमियम खाली आणायला जागा आहे. त्यात डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून भरायची पहिली रक्कम, २५० डॉलर धरलीय. ती १००० करा. हजार डॉलर ठेवीतून निघतील, लाख डॉलर निघणार नाहीत. विमा त्या लाखासाठी घ्यायचा. बॅग हरवली, विमान लांबलं, असल्या भरपाया काढता येत असतील तर काढा. दीडशे दिवसांचे एकशेवीस करता आले तर बघा, तिकडचा प्रीमियम दिवसांवर चालतो. मी दोघांची वयं घालून पाहिलं: मिस्टरांचे १२० दिवसांचे सुमारे ५८ हजार, तुमचे ११ हजारांच्या आसपास. म्हणजे ६९ हजार. एजंटच्या २८ हजारांपेक्षा जास्तच, पण त्या २८ हजारांत मिस्टरांच्या हृदयाला छदामही नव्हता.

दिवाळीनंतर जायचा विचार सोडा. हे कलम बऱ्याच योजनांत सत्तरीपर्यंतच असतं, किंवा सत्तरीनंतर त्याची मर्यादा धाडकन खाली येते. डिसेंबरनंतर तिकिटात वाचलेले पैसे एका रात्रीच्या बिलालाही पुरायचे नाहीत. मेमध्येच निघा, आणि वाढदिवसाआधी परत या.

निघण्याआधी मिस्टरांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यांनी सांगितली तर स्ट्रेस टेस्ट, आणि प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र घ्या. दाताचं काही असेल तर इथंच उरकून घ्या, तिथं दात म्हणजे वेगळीच कथा. गोळ्या मुक्कामाला पुरतील एवढ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. २०२१चं डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी होऊन पडलं असेल, त्याचा फोटो मुलीच्या आणि जावयाच्या फोनमध्ये टाकून ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आलीच तर विमा कंपनीला फोन जावयानं करायचा, हे आत्ताच ठरवा. त्या वेळी तुम्हाला सुचणार नाही.

एजंट ओळखीचे आहेत, नाराज होतील, याची तुम्हाला काळजी वाटते हे पत्रावरून जाणवलं. मग तुमची स्वतःची पॉलिसी त्यांच्याकडूनच घ्या. फक्त कोरा अर्ज मागवा आणि खुणा तुमच्या हातानं करा.