‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्या वाचायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या नादाने ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचा नवा अवतार पाहिला, आवडला, आणि आता कळलं की त्यावर ढिगाने कादंबऱ्या आहेत. त्या खरंच वाचण्यासारख्या आहेत की मालिकेच्या नावावर खपवलेला माल? आणि वाचायच्या तर पहिली कुठली?

पहिली वाचा माल्कम हल्क यांची ‘डॉक्टर हू अँड द केव्ह मॉन्स्टर्स’ (१९७४). घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

मला ही मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली, कॉलेजात असताना. पातळसं पुस्तक, आत कुठल्याशा शाळेच्या लायब्ररीचा शिक्का, आणि शेवटचं पान गायब. तोवर मालिकेचा एकही भाग मी पाहिलेला नव्हता. डॉक्टर म्हणजे कोण, ती निळी पेटी कसली, कशाचा पत्ता नाही. (डॉक्टर म्हणजे काळातून भटकणारा एक परग्रहवासी, आणि पेटी हे त्याचं यान.) तरी पहिल्या प्रकरणातच सापडलो, कारण त्या प्रकरणात डॉक्टर नाहीच. माणूसही नाही. पृथ्वीवर बुद्धिमान सरीसृपांचं राज्य आहे, आकाशातून एक छोटा ग्रह पृथ्वीच्या रोखाने येतोय, आणि ही मंडळी जमिनीखाली दीर्घ झोपेला जायची तयारी करताहेत. सगळं त्यांच्या डोळ्यांनी दिसतं. केसाळ सस्तन प्राणी, म्हणजे आपले पूर्वज, त्यांच्या लेखी पिकाची नासधूस करणारी जनावरं. आपल्याकडे शेतकरी रानडुकरांबद्दल बोलतो त्याच सुरात. पुढे हजारो शतकांनी ते जागे होतात तेव्हा वर याच जनावरांनी घरं बांधलेली, आणि भांडण सुरू. पृथ्वी कोणाची?

ही गोष्ट टीव्हीवर १९७० साली आली होती, सात भागांत. लेखक हल्कच. पण पडद्यावर या सरीसृपांना नावंसुद्धा नव्हती. श्रेयनामावलीत म्हातारा, तरुण आणि शास्त्रज्ञ एवढंच. पुस्तकात हल्कने त्यांना ओकडेल, मोर्का, कटो अशी नावं दिली, स्वभाव दिले, आपापसातली धुसफूस दिली. मालिकेत जे रबरी मुखवटे घातलेले नट होते, ते पुस्तकात हक्काने भांडणारे मूळ रहिवासी झाले. शास्त्र म्हणाल तर आनंद आहे! तो छोटा ग्रह म्हणजे आपला चंद्र, असं कथेत निघतं, आणि चंद्र तर जवळपास पृथ्वीच्याच वयाचा. या प्राण्यांना मालिकेत ‘सिल्यूरियन’ म्हटलं, तर सिल्यूरियन काळात सरपटणारे प्राणी जन्मालाच यायचे होते. त्यावर बोंब झाली, म्हणून १९७२ च्या पुढच्या कथेत डॉक्टरच्याच तोंडी दुरुस्ती घातली की खरं नाव इओसीन हवं होतं. तेही चूकच. असो. गोष्ट त्यावाचून अडत नाही.

आता ‘माल’ या शब्दाबद्दल. तुमची शंका रास्त आहे, कारण पडद्यावरून पुस्तक म्हटलं की पटकथेत ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ घालून छापलेला ऐवजच बहुतेक वेळा हाती येतो. इथेही तसली पुस्तकं आहेत, भरपूर आहेत. पण या मालिकेची एक गंमत आहे: तिच्या आयुष्यात दोन काळ असे आले की मालिका जागेवर नव्हती आणि पुस्तकंच मालिका होती.

पहिला काळ असा. मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. (पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. हे मी प्रत्येक उत्तरात घुसवतो, माफ करा.) त्या काळी टेप महाग असायची, नटांशी झालेल्या करारांमुळे भाग पुन्हापुन्हा दाखवता येत नसत, आणि घरी जपून ठेवायला व्हिडिओ नव्हता. मग बीबीसीने जुन्या टेप पुसून त्यावर दुसरं काहीतरी चित्रित केलं. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग असे गेले. १९७३ मध्ये टार्गेट नावाच्या प्रकाशनाने जुन्या तीन कादंबऱ्या पुन्हा छापून सुरुवात केली आणि पुढे जवळजवळ सगळ्या कथा पुस्तकरूपाने आणल्या. म्हणजे सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या मुलाला आपल्या जन्माआधीची गोष्ट हवी असेल, तर खिशातल्या पैशांनी टार्गेट घेणं हा एकच मार्ग.

यातली साठाहून जास्त पुस्तकं एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून मुलांना वाचनाची चटक लावली ना, तिथे तेच काम डिक्सने केलं. भाषा साधी, वाक्य आखूड, सगळा कारभार सव्वाशे पानांत. शेवटी शेवटी त्यांनी पाट्या टाकल्यात, हेही सांगून ठेवतो. पण ‘द वेब ऑफ फिअर’ (१९७६) घ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत यंत्रमानव यती, म्हणजे हिममानव, फिरताहेत आणि बोगद्यात डॉक्टरची गाठ एका कर्नलशी पडते. हाच पुढचा ब्रिगेडियर, डॉक्टरचा जन्माचा दोस्त. टीव्हीवर ही पहिली भेट पडद्याआडच उरकली होती. डिक्सला ते पुढचं नातं ठाऊक होतं, म्हणून त्याने भेट नीट लिहिली आणि वर आफ्रिकेतल्या त्या गाजलेल्या स्टॅन्ली-लिव्हिंग्स्टन भेटीची उपमा ठोकून दिली. २०१३ मध्ये या कथेचे हरवलेले भाग नायजेरियात सापडले. कर्नल जिथे पहिल्यांदा नीट दिसतो तो तिसरा भाग मात्र त्यात नव्हता. पुस्तक होतंच.

दुसरा काळ म्हणजे नव्वदचं दशक. डिसेंबर १९८९ मध्ये बीबीसीने मालिका बंद पाडली आणि १९९१ पासून व्हर्जिन प्रकाशनाने नव्या, स्वतंत्र कादंबऱ्या काढल्या. आता मूळ पटकथा नाही, खर्चाची भीती नाही, आणि वाचणारी मुलं मोठी झालेली. साहजिकच पुस्तकंही मोठी झाली. काही तर उगाच मोठी झाल्यासारखी वागतात, शिव्या आणि काळोख पानोपानी. या मालेतल्या पहिल्याच पुस्तकापासून क्रमाने वाचायला घेऊ नका, तिथेच बरेच जण गळतात. एक-एक निवडून घ्या. होम्स-वॉटसनची आवड असेल तर अँडी लेनचं ‘ऑल-कन्झ्युमिंग फायर’ (१९९४), त्यातलं प्रकरण लंडनहून पार आपल्या मुंबईपर्यंत येतं.

पण एकच घ्यायचं तर पॉल कॉर्नेलचं ‘ह्यूमन नेचर’ (१९९५). नवी मालिका पाहिली आहे म्हणता, तर ही कथा तुम्ही कदाचित पाहिली असेल, २००७ चे दोन भाग याच कादंबरीवरून केले. डॉक्टर आपली ओळख विसरून माणूस होतो, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एका इंग्रज शाळेत मास्तर म्हणून राहतो आणि प्रेमात पडतो. पडद्यावर तो शत्रूंपासून लपायला माणूस होतो. पुस्तकात कारण वेगळं आहे. त्याची सोबतीण बर्निस, पेशाने पुरातत्त्वज्ञ, जवळचा माणूस गमावून बसली आहे, आणि हजार वर्षं जगलेल्या डॉक्टरला तिचं दुःख नेमकं कसलं ते कळत नाहीये. ते कळावं म्हणून तो माणूस होऊन बघतो. मला विचाराल तर पुस्तकातलं कारण कितीतरी सरस. टीव्हीवरचा डॉक्टर सुटला की परत डॉक्टर होतो; पुस्तकातल्याने हे दुखणं स्वतः मागून घेतलेलं असतं.

नवी मालिका २००५ ला परत आणणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही १९९६ साली याच मालेत एक कादंबरी लिहिली होती, आणि नव्या मालिकेचे एक लेखक मार्क गॅटिस यांची पहिली कादंबरीही इथलीच. म्हणजे तुमच्या मुलीला आवडलेली मालिका बरीचशी या कादंबऱ्यांच्या तालमीत तयार झालेल्या लोकांची आहे.

२००५ नंतरच्या पुस्तकांबद्दल मी फार बोलणार नाही. मुलांसाठीची बरीचशी ठीक आहेत, प्रवासात संपतात.

मिळण्याचं म्हणाल तर ‘केव्ह मॉन्स्टर्स’ २०११ ला आणि ‘ह्यूमन नेचर’ २०१५ ला पुन्हा छापली गेलीत, त्यामुळे जुन्या प्रतींच्या मागे धावायची गरज नाही. व्हर्जिनच्या शेवटच्या काही पुस्तकांना, विशेषतः ‘लंगबॅरो’ला, संग्राहक वाट्टेल ते दाम मोजतात. त्या नादाला लागू नका.

आणि मुलीसोबत काही करायचं असेल तर या सगळ्यातलं पहिलं पुस्तक ऐका. डेव्हिड व्हिटेकर यांचं, १९६४ चं, डालेकांच्या (डॉक्टरच्या चिलखती शत्रूंच्या) गोष्टीचं. टीव्हीवर डॉक्टरचे सुरुवातीचे सोबती इयन आणि बार्बरा एकाच शाळेतले शिक्षक असतात. पुस्तकात ते अनोळखी आहेत, बार्न्स कॉमनवर दाट धुक्यात, मोटारीच्या अपघातापाशी त्यांची गाठ पडते, आणि सगळी गोष्ट इयन ‘मी’ म्हणून सांगतो. ध्वनिपुस्तकात ते वाचलंय विल्यम रसेल यांनी, म्हणजे १९६३ साली इयनचं काम करणाऱ्या नटानेच. वाचताना ते ऐंशीच्या घरात होते.