अमेरिकेत घरचा गॅस फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) पेटतो आणि पाच-सहा सेकंदांत विझतो. टेक्निशियन न बोलावता घरीच दुरुस्त करता येईल का? सेफ्टी स्विच बायपास करून बघू का?

येईल, बहुतेक वेळा येतं. तुम्ही लिहिलंय तसं बर्नर नीट पेटून लगेच विझत असेल तर आधी फ्लेम सेन्सर बघा. बर्नरच्या समोर एक बारीक धातूची कांडी असते, एका स्क्रूवर बसवलेली. ज्वाळेतून त्या कांडीत मायक्रोअँपमध्ये मोजावा इतका बारीक करंट जातो आणि त्यावरून फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाला कळतं की जाळ लागलाय. कांडीवर पुटं चढली की करंट पोचत नाही, मग समोर जाळ असूनही बोर्ड गॅस तोडतो. फर्नेसचा स्विच बंद, गॅसचा कॉक बंद, स्क्रू काढून कांडी सरळ बाहेर ओढा (चिनी मातीचा भाग सांभाळा, टिचतो), भांड्यांच्या नव्या कोऱ्या हिरव्या स्क्रबरने हलकी घासा, पुसा, परत लावा. सँडपेपर नको. आणि शेजारचा इग्नायटर (तापून गॅस पेटवणारा भाग) बोटांनी धरू नका, हाताचं तेल लागलं की तो तापल्यावर तडकू शकतो. महिनाभरात परत तसंच झालं तर नुसतं घासत बसू नका, अर्थिंग किंवा गॅसचा दाब यात काहीतरी आहे, माणूस बोलवा.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या "सेफ्टी स्विच बायपास करून बघू का" या शेवटच्या ओळीमुळे. नका करू. कुणीही सांगितलं तरी नका करू.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. 30 जानेवारी 2019, पोलर व्होर्टेक्सचा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडून आलेल्या कडाक्याच्या थंडीचा दिवस, विमानतळावर उणे 23 फॅरनहाइट म्हणजे उणे 31 सेल्सिअसच्या आसपास. माझी मुलगी तीन आठवड्यांची. बाळंतपणासाठी सासू-सासरे सांगलीहून आलेले. रात्री अकराला लक्षात आलं की व्हेंटमधून गार हवा येतेय, थर्मोस्टॅट 68 वर लावलेला आणि घरात 61. खाली बेसमेंटमध्ये गेलो तर फर्नेसचा छोटा पंखा सुरू व्हायचा, घूंऽऽ करायचा आणि पुढे काहीच नाही, ना इग्नायटर लाल होतोय ना गॅसची टिक. तीनदा प्रयत्न करून गप्प, लॉकआउट. बोर्डावरचा लाइट लुकलुकत होता, दाराच्या आतल्या तक्त्यावर त्याचा अर्थ होता प्रेशर स्विच (धुराची वाट मोकळी असेल तरच पेटू देणारा सेफ्टी स्विच) उघडा, म्हणजे जोडला गेलेला नाही.

नवऱ्याने न्यू जर्सीला भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना फोन लावला, कारण घरातलं सगळं ते स्वतः करतात. ते म्हणाले, अरे स्विच खराब झालाय, त्याच्या दोन वायरी काढ आणि एकमेकींना जोड, दोन मिनिटांचं काम, सकाळी नवीन आण. नवऱ्याने पक्कड हातात घेतलीसुद्धा.

अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, ती पक्कड काढून घेतली. अण्णा साखर कारखान्यात बॉयलरवर होते, उभं आयुष्य. गॅस फर्नेस त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता पण तो छोटा पंखा बघून म्हणाले, "हा आयडी फॅन हाय की. आधी धुराला वाट, मग जाळ. वाट न्हाई म्हणून तर यो पेटंना." आयडी फॅन म्हणजे बॉयलरचा धूर बाहेर ओढणारा पंखा. आणि विचारलं, धूर बाहेर कुठनं जातो?

आमचा नव्वद टक्क्यांच्या वरच्या एफिशियन्सीचा फर्नेस, त्याचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाजूला बाहेर जातात. ज्यांचे असे आहेत त्यांना माहितीये, एक्झॉस्टमधून वाफ येते. त्या थंडीत ती वाफ शेजारच्या हवा ओढणाऱ्या पाइपाकडे खेचली गेली आणि त्याच्या तोंडावरच्या जाळीवर बर्फ धरला, पुरीएवढं पांढरं झाकणच झालं होतं. एक्झॉस्टच्या तोंडालाही खालून बर्फाची जीभ आलेली. नवरा दोन जॅकेट घालून गेला, मी खिडकीतून टॉर्च धरला, त्याने माझ्या लाटण्याने तो बर्फ फोडला. काही मिनिटांत परत, कारण त्या वाऱ्यात उघडी कातडी टिकत नाही. फर्नेसचा स्विच बंद करून चालू केला, पंखा, मग इग्नायटर नारिंगी, मग गोल काचेतून निळा जाळ. अण्णा पंधरा मिनिटं खुर्ची टाकून तिथेच बसले. प्रेशर स्विच चांगला होता. तो सांगत होता ते खरं होतं.

आता भाऊजींची वायर लावली असती तर? हवा अर्धी कोंडलेली, धुराची वाट अर्धी बंद, आणि तरी जाळ लागला असता. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. सांगली-कोल्हापूरकडे बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने माणसं जातात ती यानेच. इथे वर बाळ झोपलेलं.

भाऊजी आजही प्रत्येक गणपतीला म्हणतात, काही झालं नसतं, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर होता ना. त्याचं उत्तर आज इथे देते. एक, हे अलार्म मुद्दाम उशिरा वाजायला बनवलेले असतात, 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) एक ते चार तासांनी, 400 ला चार ते पंधरा मिनिटांनी. धडधाकट माणसाच्या हिशोबाने ठरवलेले आकडे आहेत ते, तीन आठवड्यांच्या बाळाच्या नाही. दोन, दुसऱ्या दिवशी मी आमचा डिटेक्टर भिंतीवरून काढून उलटा केला तर मागे 2008 छापलेलं. घर आम्ही 2016 ला घेतलं तेव्हापासून तो तिथेच. अशांचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं असतं. टेस्टचं बटण दाबलं की वाजत होता, पण त्या बटणाने भोंगा आणि बॅटरी कळते, आतला सेन्सर मेलाय की नाही ते कळत नाही. तर भाऊजी, डिटेक्टर नव्हता. भिंतीवर डबा होता.

तुम्ही आजच तुमचा काढून मागची तारीख वाचा, कांडी नंतर घासा.

फिल्टरचं सगळ्यांना माहीत असतं तरी एक, एक इंची स्लॉटमध्ये जाडजूड मर्व्ह 13 (खूप बारीक गाळणारा फिल्टर) घालून सहा महिने विसरू नका, हवा अडते, फर्नेस आतून तापतो आणि लिमिट स्विच त्याला बंद करतो.

हे आधी लिहायला हवं होतं: गॅसचा वास येत असेल तर वरचं काहीही करू नका, लाइटचं बटणही दाबू नका, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा. अलार्म वाजला तरी तेच. जाळ पिवळा असेल किंवा बर्नरच्या बाहेर येत असेल, रोलआउट स्विच (जाळ बाहेर आला की फर्नेस बंद करणारा) उडाला असेल, तर तो दाबून परत चालू करायचा नाही. हीट एक्स्चेंजर, गॅस व्हॉल्व्ह हे घरी करायचं काम नाही. आणि घर गरम करायला गॅसचा ओव्हन उघडा ठेवू नका, त्या रात्री आमच्याकडे तोही विचार निघाला होता.

तुमचा फर्नेस किती जुना, बाहेर जाणारा पाइप पीव्हीसीचा की पत्र्याचा, आणि लाइट किती वेळा लुकलुकतो ते प्रश्नात नाहीये. तेवढं लिहा, मग पुढचं सांगते.