देवगड तालुक्यात पार्सल डिलिव्हरीचं काम घ्यावं का? धाकटा भाऊ त्यासाठी हप्त्यावर बाईक घ्यायचं म्हणतोय. महिन्याला खरंच किती सुटतात?

हप्त्यावर नवी बाईक घेऊन या कामाला सुरुवात करू देऊ नका. घरात चालू स्थितीतली गाडी असेल आणि दुसरं काही हाताला लागेपर्यंतच करायचं असेल, तर करू दे. मी जामसंड्याच्या बाजूला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हेंडर (कंपनीसाठी गावात काम करवून घेणारा ठेकेदार) भावाला पार्सलमागचा रेट सांगेल. त्या रेटवर महिन्याचा हिशोब मांडू नका. शहरात एका सोसायटीच्या गेटवर गाडी लावली की आठ-दहा पार्सलं उतरतात. आपल्याकडे एक मिठबावात, दुसरं तांबळडेगला, तिसरं हिंदळ्याच्या कुठल्यातरी वरच्या वाडीत. तिथे गाडी जात नाही, खाली लावून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढावी लागते. पैसे मिळतात पार्सलचे, राबणं असतं ते अंतराचं, आणि अंतराचा रेट कोणी देत नाही.

समजा, पार्सलमागे १५ रुपये ठरले आणि दिवसाला ४० पार्सलं निघाली. झाले ६०० रुपये. पडेल, गिर्ये करत विजयदुर्गाकडचा रूट मिळाला, तर आत-बाहेर करून गाडी शंभर किलोमीटर सहज पळते. ५० चं ॲव्हरेज धरलं तरी दोन लिटर पेट्रोल, म्हणजे दोनशेच्या वर गेले. टायर, चेन, ब्रेक लायनर, ऑइल यासाठी किलोमीटरला एक रुपया बाजूला काढलात (आपल्या रस्त्यांवर तो काढावाच लागतो), तर आणखी शंभर. उरले तीनशेच्या आत. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेसात हजारांच्या आसपास. आता यातून बाईकचा हप्ता वजा करा.

हीच ४० पार्सलं देवगड-जामसंडे बाजारपेठेच्या रूटवर वाटली, तर गाडी पंचवीस-तीस किलोमीटरच फिरते आणि तेरा हजारांपर्यंत हातात राहतात. रेट तोच, मेहनत उलट कमी. म्हणून भावाला पहिला प्रश्न रेटचा नाही, रूटचा विचारायला सांगा. कोणता रूट, तो कोण ठरवणार, आणि उद्या बदलला तर किलोमीटरचे काही मिळणार का. बाजारपेठेचा रूट नव्या मुलाला सहसा मिळत नाही. आणि ४० पार्सलं रोज असतात असंही नाही.

आता हिशोबात न दिसणाऱ्या गोष्टी. आपल्या गावांत निम्मी ऑर्डर मुंबईहून होते. मुलगा तिकडे बसून आईसाठी मिक्सर किंवा वडिलांसाठी गुडघ्याचा पट्टा मागवतो. पार्सलवर नंबर मुलाचा. मी दारात उभा, म्हातारी माणसं समोर, ओटीपी मुंबईत. मुलगा लोकलमध्ये असतो नाहीतर मीटिंगमध्ये. वाडीत रेंज नसली तर फोन करायलाच सड्यावर चढावं लागतं. एक आजी दरवेळी विचारतात, "झिला, ओटीपी म्हणजे काय रे?" त्यांना सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही, पण त्या पंधरा-वीस मिनिटांचा पैसा कोणी देत नाही. ओटीपी नाही मिळाला तर पार्सल परत, म्हणजे गेलेलं पेट्रोल आपलं आणि कमाई शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ. वर ग्राहकाने तक्रार केली तर "खोटा अटेम्प्ट मारला", म्हणजे न जाताच गेल्याची नोंद केली, म्हणून पैसे कापून घेतात. हे वाचणाऱ्यांपैकी जे गावच्या घरी पार्सल पाठवतात, त्यांना हात जोडून सांगतो: त्या दिवशी फोन उचला, आणि पत्त्यात वाडीचं नाव घाला. एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात, नुसत्या आडनावावर घर सापडत नाही.

कॅशचं तर फार सांभाळावं लागतं. सीओडीची, म्हणजे पार्सल देताना ग्राहकाकडून घेतलेली, रक्कम दिवसभर खिशात घेऊन फिरायचं आणि संध्याकाळी हबवर (पार्सलं जिथून वाटायला मिळतात तिथे) भरायची. शंभरची नोट कमी भरली तर ती आपल्याकडून जाते. फाटकी नोट आली तर तीही आपली. पावसात खोका भिजला आणि ग्राहकाने नाकारला तर कधी कधी वस्तूची पूर्ण किंमत पेआउटमधून, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या पैशांतून, वजा होते. एका मोबाइलमध्ये पंधरा दिवसांची कमाई गेलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून जून उजाडण्याआधी जाड प्लास्टिकची मोठी बॅग घ्यायला सांगा. तीही कोणी देत नाही.

पाऊस म्हणजे आपल्याकडे चार महिने. साकवावरून पाणी गेलं की पलीकडच्या गावाची पार्सलं तशीच राहतात, झाड पडलं की घाटी बंद, वस्तीच्या वाटेवर लाल चिखल. अंधार पडला की गुरं डांबरावर येऊन बसतात, आणि वळणावर ती हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसतात. पायवाटेने जाताना फुरशाची (विषारी सापाची) भीती असते, म्हणून मी बारा महिने बूट घालतो, चप्पल कधीच नाही. आणि नेमकी गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, भर पावसात, पार्सलं सगळ्यात जास्त येतात. त्या दिवसांत सुट्टी मागितली तर आयडी (कामाच्या ॲपवरचं आपलं खातं) बंद करण्याची भाषा होते. गणपती आपल्याही घरी असतो. हापूसच्या हंगामात पिकअप वाढतं, पैसेही बरे होतात, पण पेटी पुढे कुठे अडकली आणि आंबा पिकून खराब झाला तर बागायतदाराचा फोन मलाच येतो, कारण त्याच्याकडे नंबर माझाच असतो.

मालक कोण, हा प्रश्न भावाने सही करण्याआधीच विचारायला हवा. कागदावर तो "पार्टनर" किंवा कंत्राटदार असेल. आपल्या भागात बहुतेक वेळा कंपनी आणि आपण यांच्यामध्ये फ्रँचायझीवाला किंवा व्हेंडर असतो. कंपनी म्हणते, हा व्हेंडरचा माणूस. व्हेंडर म्हणतो, हा स्वतंत्र काम करतो. वेळ मात्र ते ठरवतात, रूट ते ठरवतात, रेट एका मेसेजवर ते कमी करतात. पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, भरपगारी रजा नाही. माझा आग्रह एकच, दुसऱ्याच्या आयडीवर काम करायचं नाही. "तुझा आयडी येईपर्यंत याच्यावर चालव" असं सर्रास सांगतात. त्या काळात अपघात झाला तर तो तिथे काम करत होता याचाच पुरावा राहत नाही.

विम्याचं नीट समजून घ्या. आपल्या साध्या बाईकच्या पॉलिसीत वापराच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक यात धरलेली नाही. पार्सलं लादलेली असताना गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम त्यावर अडू शकतो. विमा एजंटला कामाचं स्वरूप खरं सांगूनच पॉलिसी घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत होते, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. ती आजच करा. पण पाय मोडून तीन महिने घरी बसलं तर त्या तीन महिन्यांच्या कमाईचं ती काही देत नाही, आणि या कामात होतं ते बहुतेक हेच. म्हणून दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला साठेपर्यंत कुठलाही हप्ता डोक्यावर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पॅन दिलेलं असेल तर पेआउटमधून साधारण १ टक्का टीडीएस (आधीच कापलेला आयकर) जातो, नसेल तर २० टक्के. तो आपलाच पैसा आहे. रिटर्न भरून परत मागता येतो, पण व्हेंडरने कापलेला टीडीएस खरंच भरलाय का ते २६एएस (आयकर खात्याच्या साइटवरचं कापलेल्या कराचं पत्रक) मध्ये पाहत राहा.

सरकारचं काही आहे का, असं लोक विचारतात. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आपल्यासारख्या कामगारांचा पहिल्यांदा कायद्यात उल्लेख आला. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम आपल्या कल्याणासाठी द्यायची, अशी त्यात तरतूद आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. हबवर मला अजून काही फरक दिसलेला नाही. तरी ई-श्रमवर (असंघटित कामगारांसाठीचं केंद्र सरकारचं पोर्टल) नाव नोंदवून ठेवायला हवं, नोंदणी मोफत आहे आणि पुढे जे काही मिळेल ते नोंद असलेल्यालाच मिळेल. मला राहून राहून एका गोष्टीचं वाईट वाटतं. महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा सोडवून दाखवला आहे. हमालालाही एक मालक नसायचा, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही (मजुरीवर ठरावीक जादा रक्कम), आणि त्यातून पीएफ, रजा, औषधोपचार. पाठीवर पोतं असलेल्याला जे देता आलं, ते पाठीवर पार्सलची बॅग असलेल्याला देता येणार नाही असं मी मानत नाही. आम्ही तालुक्यातली मुलं एका ग्रुपवर आहोत, रेट कापला तर निदान सगळ्यांना एकाच दिवशी कळतं. भाऊ आला तर त्यालाही घेऊ.

आणखी एक, तुमच्या भावाच्या दहावीला चांगले मार्क असतील तर ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीवर नजर ठेवा. वय १८ ते ४०, निवड दहावीच्या गुणांवर, काम दिवसाला चार-पाच तासांचं. सुरुवातीचा भत्ता पदाप्रमाणे १०,००० किंवा १२,००० आणि वर महागाई भत्ता. त्यांनाही पूर्ण सरकारी कर्मचारी धरत नाहीत आणि त्यांचीही गाऱ्हाणी खूप आहेत. पण त्याच वाडीत, त्याच पाखाडीवर मला भेटणाऱ्या डाकसेवकाचा महिना दारं बंद मिळाली म्हणून रिकामा जात नाही. फॉर्म ऑनलाइन निघतात. तोवर घरच्या गाडीवर एक पूर्ण महिना करून पाहू दे, तोही जुलैचा, आणि रोजचे किलोमीटर वहीत लिहून ठेवायला सांगा. महिनाअखेरीला त्या वहीतून, गाडीचा खर्च वजा जाऊन किलोमीटरमागे किती पडले ते काढा. चार रुपयांच्या खाली येत असतील तर सोडून दे म्हणावं.