आडनावाच्या गावी आडनाव नसतं

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: आमचं आडनाव सांकवाळकर. चार पिढ्या मुंबईकडे गेल्या, आता डोंबिवलीत आहोत. मे महिन्यात मुद्दाम वाट वाकडी करून गोव्यात सांकवाळला गेलो. पंचायतीपाशी, चर्चपाशी, दुकानांत विचारलं. एकसुद्धा सांकवाळकर भेटला नाही. मग आमचं मूळ तिथलं हे सांगणं खोटं का? आणि हे आडनाव आणखी कुठे कुठे आहे ते कसं शोधावं? (डोंबिवली)

उत्तर: सांकवाळात सांकवाळकर भेटला असता तरच नवल. ‘कर’ लागणारं आडनाव माणसाला गाव सुटल्यावर चिकटतं, आणि ते चिकटवतात दुसऱ्या गावचे लोक. सांकवाळात राहणाऱ्याला सांकवाळकर म्हणून कुणापासून वेगळा काढणार? तिथे तो अमक्या वाड्यावरचा, तमक्या घरातला, फार तर कामत किंवा प्रभू. झुआरी नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला आला की मग सांकवाळकर. त्यामुळे गावावरून पडलेल्या आडनावाचा नकाशा काढला तर मधोमध भोक दिसतं आणि माणसं भोवतालच्या कड्यात सापडतात. भोक दिसलं म्हणून मूळ खोटं ठरत नाही, उलट ते जुळतंच.

तुमच्या बाबतीत भोक जरा जास्तच मोठं आहे. सांकवाळ आज मुरगाव तालुक्यात असलं तरी जुन्या सासष्टीतलं गाव. सासष्टी १५४३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि १५६६-६७ च्या सुमारास तिथली देवळं मोडली गेली. नदीपलीकडचं अंत्रूज, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होतं. देव तिकडे नेले: सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह १५६७ मध्ये वेलिंगला, विजयादुर्गा केरीला. देवांबरोबर काही कुळं गेली. मागे राहिलेली बहुतेक ख्रिस्ती झाली आणि त्यांची आडनावं फर्नांडिस, रॉड्रिग्स अशी झाली. भरीला झुआरीनगरची खत फॅक्टरी आणि बिट्स कॉलेजचं आवार याच गावच्या हद्दीत, तेव्हा आजची मतदारयादी वाचून चारशे वर्षांपूर्वीचं काही कळेल ही आशा सोडा.

मूळ पक्कं करायला आधी घरातल्याच तीन गोष्टी तपासा. पहिली, कुळदेव. नवसाला, लग्नानंतर ओटी भरायला तुमच्याकडचे कुठे जातात? वेलिंग किंवा केरी असेल तर सांकवाळशी नातं सरळ जुळलं. मंगेशी असेल तर कुळ मूळचं कुशस्थळी-कुठ्ठाळीच्या बाजूचं आणि सांकवाळला नुसतं वस्तीला असू शकतं. दुसरी, गोत्र आणि ज्ञाती. गावावरचं आडनाव त्या गावातून बाहेर पडलेल्या कुणालाही लागतं. शिरोडकर सारस्वतांत आहेत तसे इतर समाजांतही आहेत, म्हणून आडनाव एक म्हणजे कुळ एक हे गृहीत धरू नका. तिसरी आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जुनी उपाधी. ‘सिनाय कुंकळ्येकर’, ‘पै रायतूरकर’, ‘प्रभुदेसाई’ अशी जोडनावं गोव्यात सर्रास होती. मुंबईच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी पुढचा अर्धा भाग कापला आणि उरलं नुसतं ‘कर’. आजोबा-पणजोबांचं लग्नपत्र, वतनाचा कागद, देवळाची वर्गणी-पावती यांपैकी एका तरी कागदावर तो कापलेला भाग मिळतो.

त्यानंतर देवस्थान. गोव्यातली महाजनी देवस्थानं, म्हणजे ज्यांचा कारभार ठरावीक कुळांतल्या महाजनांकडे असतो ती, १९३३ च्या मझानिया (महाजन मंडळ) नियमावलीखाली चालतात आणि प्रत्येक देवस्थानाकडे महाजनांची नोंदवही असते. तिला अजून ‘कातालोग’ म्हणणारे लोक आहेत. नोंदीत महाजनाबरोबर बापाचं नाव असतं, म्हणून एका नावावरून दोन-तीन पिढ्या मागे जाता येतं. जाण्याआधी देवस्थान समितीला पत्र पाठवा. नुसतं आडनाव लिहू नका, पणजोबांचं पूर्ण नाव आणि त्यांचं गाव सोडण्याचं अंदाजी साल लिहा. जत्रेच्या दिवसांत जाऊन वही मागितलीत तर कुणाला तुमच्याकडे बघायला सवड नसणार.

आता पसरण. शोध अडतो तो स्पेलिंगवर. तुमच्या आडनावातला पहिला ‘क’ सी, के किंवा के-एच असा तीन तऱ्हांनी लिहिला जातो, ‘वा’ला व्ही, डब्ल्यू किंवा पोर्तुगीज वळणाचं ओ-ए, शेवटच्या ‘कर’ला सी किंवा के. तीन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे अठरा रूपं झाली. सुरुवातीच्या ‘स’ऐवजी ‘श’ लिहिणारे ‘शंखवाळकर’ धरले तर आणखी वाढतात. अठराच्या अठरा रूपं कागदावर लिहून काढा आणि एकेक खोडत चला, नाहीतर तीन शोधून ‘कुणी नाही’ म्हणत उठाल.

दुसरा सापळा साखळकरांचा. डिचोली तालुक्यातल्या साखळीचं पोर्तुगीज स्पेलिंग एस-ए-एन-क्यू-यू अशा अक्षरांनी सुरू होतं आणि सांकवाळचं एस-ए-एन-सी-ओ अशा. दौतीच्या फिकट अक्षरांत ही दोन गावं एकमेकांत सहज मिसळतात. शब्दाच्या शेवटाकडे बघा: गावाचं नाव ‘आय-एम’वर संपत असेल तर साखळी, ‘ए-एल-ई’वर संपत असेल तर सांकवाळ.

मतदारयाद्या वापरायच्या तर माणसं मोजू नका, घरं मोजा. एका घर क्रमांकावर एक खूण करायची. सुना आणि लेकी आडनाव बदलतात, एकत्र कुटुंबात सात मतं असतात, त्यामुळे डोकी मोजली की आकडा फुगतो. आणि नुसता आकडा बघूनही फसायला होतं: कोकण-गोव्यातलं कुठलंही आडनाव मुंबईत सर्वांत जास्त सापडणार, कारण मुंबईत माणसंच जास्त. दर हजार घरांमागे किती ते काढा. फोंडा, तिसवाडी, सावंतवाडी, वेंगुर्ला, कारवार, बेळगाव एवढे भाग आधी बघा, कारण सासष्टीतून निघालेली कुळं उत्तरेला आणि दक्षिणेला याच वाटांनी गेली. पुढे होन्नावर, मंगळूर, कोचीपर्यंत. बऱ्याच याद्या फोटोसारख्या पीडीएफ असतात, त्यात शोधाचं बटण चालत नाही. पान पान डोळ्यांखालून घालावं लागतं.

प्रश्न: आजोबांच्या जुन्या दस्तऐवजांत आमचं आडनाव एकदा ‘पोरोबो’, एकदा ‘प्रभू’ आणि एका ठिकाणी वाचताच येत नाही असं आहे. ही तीन घराणी का? (मडगाव)

उत्तर: बहुधा एकच. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आलं ते आपल्या अक्षरांत बसवलं. किल्ली अशी: एक्स म्हणजे ‘श’, म्हणून शिरोडकर आणि शेट दोघेही एक्सने सुरू होतात. सी पुढे ए, ओ, यू असेल तर ‘क’. ई, आय असेल तर ‘स’. ‘के’, ‘की’ लिहायचं तर क्यू-यू लागतो, म्हणून केपें आणि केणी दोन्ही क्यूच्या पानावर शोधा. शब्दाच्या शेवटचा एम हा कोकणी अनुस्वार, तो ‘म’ असा वाचायचा नाही. भ, घ, ध यांचा ह गळतो: भट ‘बोतो’ होतो. ‘ड’ कधी डी तर कधी आर, त्यामुळेच चोडण आणि कुडचडें रोमन अक्षरांत ओळखू येत नाहीत. ‘अ’च्या जागी ओ पडतो, तसा प्रभूचा पोरोबो झाला, कामतांचे ‘कामोती’ आणि पैंचे ‘पोय’ झाले. शेणवी किंवा शणै मात्र ‘सिनाय’, तिथे एक्स नाही.

एक जपा: शेवटचा ओ नसलेला ‘पोरोब’ हा परबही असू शकतो. नुसत्या अक्षरांवरून प्रभू की परब ते ठरत नाही. दस्तऐवजातल्या शेजाऱ्यांची नावं, वाडा आणि देवस्थान बघूनच ठरवा.

सूची चाळताना आणखी एक घोळ होतो. जुन्या पोर्तुगीज सूची बऱ्याचदा आडनावाच्या नव्हे, पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेल्या असतात. म्हणजे पोरोबो पीखाली शोधून काही हाती येत नाही. आजोबांचे वडील विठ्ठल असतील तर व्हीखाली बघायचं.

प्रश्न: आम्ही केरकर. केरी नक्की कुठलं? (म्हापसा)

उत्तर: गोव्यात निदान तीन: पेडण्यातलं तेरेखोल नदीच्या मुखाजवळचं, सत्तरीतलं चोर्ला घाटाच्या पायथ्याचं, आणि फोंड्यातलं विजयादुर्गेचं. आमोणकर, नार्वेकर, तळावलीकर यांचीही हीच गत, त्या नावाचं गाव एकाहून अधिक ठिकाणी आहे. कुळदेव कोण आणि कुठल्या गावच्या जत्रेत तुमच्या घराला मान आहे, यावर निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी जमीन. मूळ घराची किंवा भाटाची (बागायतीची) एक-चौदाची, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल काढा. ती सर्व्हे नंबर आणि गाव दिल्याशिवाय मिळत नाही, आडनावावरून शोधता येत नाही. म्हणून आधी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून शेताचं किंवा कुळागराचं नाव काढून घ्या. शेताची नावं आडनावांपेक्षा चिवट असतात.

प्रश्न: आमचे शेजारी कॅथलिक आहेत. त्यांच्या पूर्वजांचं आधीचं आडनाव सापडू शकेल का? सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी कशी? (कुडतरी)

उत्तर: बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळे. एका भावाचा धर्मपिता सोझा आणि दुसऱ्याचा पेरेरा असला की घर एक, आडनावं दोन. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्स म्हणजे रॉद्रिगोचा; त्यात गावाचा पत्ता नाही, त्यामुळे त्या आडनावाचा नकाशा काढण्यात अर्थ नाही.

वाट गावकारीतून, म्हणजे मूळ कुळांच्या सामाईक जमिनीच्या जुन्या ग्रामसंस्थेतून जाते; तिलाच पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटलं. कोमुनिदादीची यादी वांगडांप्रमाणे (मूळ कुळांप्रमाणे) असते, आणि वांगड धर्मांतराने बदलत नसे. त्यांना आपला वांगड कितवा ते बहुधा ठाऊक असेल. नसेल तर कोमुनिदादीच्या एस्क्रिव्हांवकडे (कारकुनाकडे) विचारा. सासष्टी आणि मुरगावच्या कोमुनिदादी मडगावच्या दक्षिण विभागाच्या कार्यालयाखाली येतात. त्याबरोबर पॅरिशच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या; बऱ्याच जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत, ज्याची सुरुवात १५९५ सालची. नोंदीत आईबाप, धर्मपिता आणि वाडा असतो. पण थेट धर्मांतराची नोंद मिळेल अशी अपेक्षा धरू नये. शोध वांगडापर्यंत पोचतो, आडनावापर्यंत क्वचित. मंगळूरच्या कॅथलिकांत मात्र प्रभू, कामत, शेट, नायक ही जुनी नावं घरोघर तोंडी टिकली आहेत. नातेवाईक तिकडे असतील तर एक फोन पुरतो.

प्रश्न: शेणवी म्हणजे शहाण्णव गावांचे, हे खरं का? (पणजी)

उत्तर: सासष्टीची ६६ आणि तिसवाडीची ३०, बेरीज ९६. गणित बिनचूक आहे आणि इतकं बिनचूक आहे म्हणूनच शंका येते. कानडी मुलखातला शानभाग, म्हणजे गावचा हिशेबनीस, या शब्दाशी नातं जोडणारेही आहेत, आणि लेखणीवर जगणाऱ्या समाजाला ते शोभतंही. आडनावाचा नकाशा काढायला या वादाचा उपयोग नाही.

प्रश्न: घरात दोन भावांची स्पेलिंगं वेगळी, एकाचं सी, एकाचं के. पासपोर्टला अडचण येते. एकच करून घ्यावं का? (वास्को)

उत्तर: करा, पण आधी जुन्या सगळ्या कागदांच्या प्रती काढून ठेवा, कारण वारसाच्या कामात जुनंच स्पेलिंग लागतं. जन्म गोव्यात नोंदलेला असेल तर नाव व आडनाव बदल कायदा, १९९० खाली अर्ज करायचा. राजपत्रात नोटीस येते आणि हरकतीला ३० दिवस असतात. दोघांनी एकाच वेळी अर्ज करावा, आणि अर्जात ‘सी’वालं आणि ‘के’वालं अशी दोन्ही रूपं अक्षरशः उतरवावीत, एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

वंशावळ शोधणाऱ्यांनीही याच नोटिसा वाचाव्यात. राजपत्राच्या मालिका ३ मध्ये जुनं आणि नवं आडनाव शेजारी शेजारी छापलेलं असतं, सोबत राहण्याचं गाव. दुसरा असाच कागद म्हणजे कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याचं प्रकरण: त्यात सगळे वारस, लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि त्यांचे नवरेसुद्धा, एका फायलीत मिळतात.