वेबकॉमिक्स वर्षानुवर्षं वाचत राहण्यात आणि लोकांना सुचवत सुटण्यात एवढी कसली मजा?

प्रश्नासोबत तुम्ही जी हकिगत लिहिली आहे ती वाचून मला आधी हसू आलं आणि मग तुमच्या मित्राचा राग आला. त्याने तुम्हाला एकदम चौदा वेबकॉमिक्सची, म्हणजे इंटरनेटवर पानापानाने येणाऱ्या कॉमिक्सची, यादी पाठवली. तुम्ही इमानेइतबारे प्रत्येकाचं पहिलं पान उघडलं, चित्रं कच्ची वाटली, विनोद डोक्यावरून गेले. आता तुम्ही विचारताय की लोक हे वर्षानुवर्षं का वाचतात आणि वर दुसऱ्यांच्या गळ्यात का मारतात. गळ्यात मारणाऱ्यांपैकी मीही एक आहे, तेव्हा सांगते.

आधी त्या पहिल्या पानाचं. वेबकॉमिकचं पहिलं पान हे बहुतेक वेळा त्याचं सगळ्यात वाईट पान असतं. छापील पुस्तकात चित्रकाराची उमेदवारी आपल्याला दिसत नाही. संपादकाच्या हाताखालून गेलेलं, घासूनपुसून तयार झालेलं तेवढंच समोर येतं. इथे माणूस नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून, हात बसायच्या आधीच पानं टाकायला लागतो, आणि ती पानं तिथेच राहतात, कुणीही येऊन बघावीत अशी. जेफ जाक्सने 'क्वेश्चनेबल कन्टेन्ट' हे वेबकॉमिक १ ऑगस्ट २००३ला सुरू केलं. त्यातली तेव्हाची माणसं आणि आजची माणसं शेजारी ठेवली तर एकाच हाताची वाटत नाहीत. मधे आठवड्याला पाच या हिशेबाने पाच हजारांहून जास्त पट्ट्या, म्हणजे काही चौकटींची छोटी कॉमिक्स, झाल्या, पण आजची आणि कालची पट्टी ताडून पाहिली तर फरक सापडत नाही. शेजारचं मूल रोज दिसतं म्हणून ते कधी उंच झालं ते कळत नाही, तसंच हे. ज्यांनी ते रोज पाहिलं त्यांना ती पहिली कच्ची पानंही प्रिय असतात. तुम्हाला ती का आवडावीत? मित्राच्या हे लक्षातच आलं नाही.

माझी सुरुवात 'गनरक्रिग कोर्ट'ने झाली. टॉम सिडेल २००५च्या एप्रिलपासून ही गोष्ट सांगतोय. अँटिमनी नावाची एक गंभीर मुलगी कारखान्यासारख्या दिसणाऱ्या एका अवाढव्य निवासी शाळेत येते आणि तिच्या लक्षात येतं की आपल्याला दोन सावल्या आहेत. मला ते सापडलं तेव्हा शेकडो पानं आधीच झालेली होती. तीन रात्री मी 'पुढे', 'पुढे', 'पुढे' करत बसले. त्या वाचण्याला वाचणं म्हणायचं का हाही प्रश्नच आहे. नदीला पूर आल्यासारखी गोष्ट अंगावरून जाते. आणि चौथ्या रात्री 'पुढे' दाबलं तर काहीच झालं नाही. ते शेवटचं पान होतं. त्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येकी एक पान.

बरेच लोक इथे गळतात. रात्रीत दोनशे पानं वाचायची सवय लागलेल्या माणसाला आठवड्याला तीन पानं म्हणजे उपासच. मीही महिनाभर गेलेच नाही. मग परत आले, आणि तिथून पुढे जे वाचन सुरू झालं ते वेगळंच निघालं. एका पानावर दोन दिवस काढायचे असले की आपण कोपऱ्यात बघायला लागतो. मागच्या भिंतीवर काय आहे, ही बाई बोलताना खाली का बघतेय, याच चौकटीचा रंग बाकीच्यांपेक्षा थंड का आहे. तर्क बांधतो, तो शुक्रवारी साफ आपटतो, आणि आपटल्याचा आनंद होतो. पुरात वाचलेली पानं मी नंतर पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक पान शेवटच्या चौकटीत थोडं वळतं, दोन दिवस पुरेल एवढं. सलग वाचताना ते वळण माझ्या अंगठ्याखाली चिरडलं गेलं होतं.

वाट पाहायला लावण्यातच कला आहे हे सगळ्यात उघडपणे दाखवलं ते रँडल मन्रोने, 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकमध्ये. हा माणूस आधी नासाच्या एका संशोधन केंद्रात काम करायचा. २००५पासून काड्यांची माणसं काढतो, तीही आठवड्यातून तीनदा. २५ मार्च २०१३ला त्याने 'टाइम' नावाचं एक चित्र टाकलं. समुद्रकाठी बसलेली दोन माणसं. बस. चित्रावर माउस नेला की जरा थांबा अशा अर्थाचे दोन-तीन शब्द दिसायचे. अर्ध्या तासाने चित्र बदललं. मग पुन्हा अर्ध्या तासाने. पुढे दर तासाला. ती दोघं वाळूचा किल्ला बांधू लागली, मग प्रवासाला निघाली, आणि हे तब्बल चार महिने चाललं. एकूण ३,०९९ चित्रं. दोन चित्रांमधल्या वेळाला वाचकांनी स्वतःचं एकक ठरवून टाकलं होतं, 'न्यूपिक्स'. गोष्टीतल्या रात्रीच्या आकाशात तारे दिसले तेव्हा त्यांच्या जागा ताडून लोकांनी शोधून काढलं की ही दोघं पृथ्वीवर कुठे आहेत आणि कोणत्या काळात. काय निघालं ते मी सांगणार नाही, तो आनंद तुमचा. २०१४ साली त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज ते सलग बघता येतं, फार तर तासाभरात. मी बघितलंय. छान आहे, पण ज्यांनी तासातासाने बघितलं त्यांच्याशी बोलताना आपण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोचलोय असं वाटतं.

नियमित वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट मिळते ती म्हणजे घरच्या माणसाचा मान. कोणत्या फळीवर काय ठेवलंय ते त्याला माहीत असतं. 'एक्सकेसीडी'च्या प्रत्येक चित्रामागे माउस नेल्यावर दिसणारा एक जास्तीचा विनोद असतो. 'एसएमबीसी' नावाच्या कॉमिकच्या खाली लाल बटण असतं, ते दाबलं की एक चौकट वाढते. 'डायनोसॉर कॉमिक्स'मध्ये तर छुपे विनोद तीन-तीन जागी असतात. माझा एक सहकारी दोन वर्षं मोबाइलवर 'एक्सकेसीडी' वाचत होता आणि त्याला ती लपलेली ओळ असते हेच ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर तो आधी चिडला, मग खूश झाला, कारण दोन वर्षांचं सगळं त्याला पुन्हा वाचायला मिळालं.

आता सुचवण्याचं. माझं मत ठाम आहे: कॉमिक सुचवू नये, पान सुचवावं. आणि तेही माणूस बघून. यादी पाठवणं हा आळस आहे. त्यात देणाऱ्याला आपण किती वाचलंय ते मिरवता येतं, घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे शहाणपण मी बऱ्याच फजित्यांनंतर शिकले. रायन नॉर्थच्या 'डायनोसॉर कॉमिक्स'चंच बघा. २००३पासून आजपर्यंत त्यातली चित्रं तीच आहेत. त्याच सहा चौकटी, तोच टी-रेक्स, त्याच्या पायाखाली येऊ घातलेलं तेच चिमुकलं घर. बदलतात ते फक्त संवाद. मी मोठ्या उत्साहाने एका मैत्रिणीला एक पट्टी पाठवली. ती म्हणाली, बरी आहे. आठवड्याने दुसरी पाठवली. ती म्हणाली, अगं, ही पाठवलीस की मागे! चूक माझी. हे कॉमिक एक दाखवून कळतच नाही, आठ-दहा ओळीने दाखवावी लागतात. चौथ्या-पाचव्याला समोरच्याच्या लक्षात येतं की चित्र हलणार नाहीये, आणि मग त्याच सहा चौकटीत या माणसाने आज काय बसवलंय हे बघण्याची चटक लागते.

'एक्सकेसीडी'चं नेमकं उलट. तिथे एकच द्यायचं, पण ते समोरच्याच्या धंद्याचं असलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या मामेभावाला मी 'डिपेंडन्सी' पाठवलं होतं. ठोकळ्यांचा प्रचंड मनोरा, आधुनिक डिजिटल जगाचा, आणि तो सगळा तोलून धरणारा तळाशी एक काडीएवढा ठोकळा. तो म्हणजे अमेरिकेत नेब्रास्कातला कुणीतरी २००३पासून, कुणी आभारही न मानता, सांभाळत असलेला प्रकल्प. भावाचं उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी त्याच्या टेबलाचा फोटो आला, चित्र छापून चिकटवलेलं. त्यानंतर त्याला काही सुचवावं लागलं नाही, त्याने स्वतःच सगळी जुनी पानं उपसली.

याच भावाला मी होरांग या कोरियन चित्रकाराचं 'बोंगचॉन-डोंगचं भूत'ही दाखवलं, आणि ते मुद्दाम शेजारी बसून. २०११ सालचं आहे. मोबाइलवर खाली सरकवत वाचायचं साधं भुताचं कॉमिक. फक्त मधेच पान तुमच्या बोटाचं ऐकेनासं होतं. त्याने मोबाइल सोफ्यावर फेकला. सुचवण्यातलं सुख काय असतं असं तुम्ही विचारलंत ना? पहिल्यांदा वाचणं आपल्याला एकदाच मिळतं. दुसरा वाचत असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसलं की त्यातलं थोडं परत मिळतं.

कधी कधी सुचवणं हे बोलण्याच्या जागी येतं. अ‍ॅली ब्रॉशचं 'हायपर्बली अँड अ हाफ' काटेकोरपणे वेबकॉमिक नाही, मजकूर आणि मुद्दाम वेडीवाकडी काढलेली चित्रं यांचं मिश्रण आहे. २०११च्या ऑक्टोबरमध्ये तिने स्वतःच्या नैराश्यावर लिहिलं आणि नंतर जवळपास दीड वर्षं गप्प झाली. वाचकांना काळजी लागली होती. मे २०१३मध्ये दुसरा भाग आला. त्यात ती म्हणते ते असं: समजा तुमचे मासे मेलेत, आणि जो तो तुम्हाला मासे शोधायला मदत करतोय, ते गायब का झाले याची कारणं शोधतोय, अहो, हरवले नाहीत, मेलेत. पुढे ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडून रडत असताना तिला फ्रिजखाली मक्याचा एक वाळका दाणा दिसतो आणि तिला हसू आवरत नाही. माझी एक जवळची मैत्रीण तेव्हा कुणाशीच बोलत नव्हती. काय लिहावं ते मला सुचत नव्हतं, म्हणून नुसती लिंक पाठवली, वर एक शब्दही नाही. तीन दिवसांनी तिचं उत्तर आलं: 'मक्याचा दाणा.' एवढंच. आम्ही त्यावर आजही जास्त बोलत नाही, पण कधी तिला बरं नसलं की ती तेवढे दोनच शब्द पाठवते.

एक तक्रार करून घेते. चित्र पाठवताना खालचं नाव कापू नका. कापलेली चित्रं फिरताना बघितली की माझा तिळपापड होतो. नाव कापलं की रस्ताच कापला जातो. ज्याला चित्र आवडलं तो उरलेल्या हजार पानांपर्यंत पोचणार कसा? मन्रोने तर नाव दिलंत आणि धंदा केला नाहीत तर खुशाल वाटा, अशा परवान्याखालीच चित्रं ठेवली आहेत. शक्य असेल तिथे चित्राऐवजी लिंकच पाठवा. फुकट वाचणारे वेळ आली की पैसेही देतात. रिच बर्लूला त्याच्या 'ऑर्डर ऑफ द स्टिक' या वेबकॉमिकची, प्रती संपलेली पुस्तकं पुन्हा छापायची होती. २०१२मध्ये त्याने लोकांकडे ५७,७५० डॉलर मागितले, जमले साडेबारा लाखांहून जास्त. कॉमिक आधीपासून फुकट वाचायला मिळत होतं, तरीही.

खंड पडतात, कॉमिक्स अर्धवट सोडली जातात, हेही सांगायला हवं. हॉवर्ड टेलरसारखे, ज्याने 'श्लॉक मर्सिनरी' जून २०००पासून जुलै २०२०पर्यंत एकही दिवस न चुकवता काढलं, असे अपवादच. माझ्या यादीतली चार-पाच मेली आहेत. एकातली मुलगी अजून जिन्यात उभी आहे, वरून हाक आलीय. मी कधीतरी जाऊन बघते.

तर तुमच्यासाठी. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला गोष्टी आवडतात, चुटकुले नाहीत, आणि थांबायची सवय नाही. मग आधी संपलेलं काहीतरी घ्या. मिना सुंडबर्गचं 'स्टँड स्टिल, स्टे सायलेंट' २०१३ ते २०२२ चाललं. साथीने जग ओस पडल्यावर उत्तरेत उरलेल्या काही देशांतली पाच-सहा माणसं निर्मनुष्य प्रदेशात शिरतात, अशी गोष्ट. चित्रं पहिल्या पानापासून देखणी आहेत, म्हणजे तुमची ती अडचणही नाही. सुरुवातीला जगबुडीचा लांबलचक भाग आहे, तो ओलांडा. खरी मंडळी त्यानंतर भेटतात. मग 'गनरक्रिग कोर्ट' पहिल्यापासून. यात मधून उडी मारून चालत नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं चित्रांना माफ करा, मुलीचं डोकं तिच्या अंगापेक्षा मोठं दिसेल. मित्राच्या यादीतली उरलेली नावं तूर्त बाजूला ठेवा, आणि त्यालाच सांगा की प्रत्येकातलं एकेक पान काढून पाठव.

हेच 'गनरक्रिग' मी मागे त्या टी-रेक्सवाल्या मैत्रिणीला दिलं होतं, या खेपेला नीट सूचना देऊन. आठवडाभर काही कळलं नाही. मग एका मंगळवारी रात्री सव्वादोनला तिचा मेसेज: 'अगं, साइट बिघडलीय का? पुढचं पान उघडतच नाहीये.'

मी लिहिलं, 'बुधवारी ये.'