ठाण्यात नवीन ह्युंदाई आय-२० एन लाइनला लगेच रिमॅप करावा का?

नाही, वॉरंटी संपेपर्यंत रिमॅपच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याच्या, वाटेला जाऊ नका. पैसे चांगल्या टायरांत आणि ब्रेक पॅडमध्ये घाला. हे एक लिटरचं टर्बो इंजिन मुळातच १२० पीएस ताकद आणि १७२ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, घोडबंदर रोडला ते पुरून उरतं. रिमॅपमध्ये टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबण्याचा दाब, वाढवतात आणि वाढलेला टॉर्क आधी क्लचवर येतो. माजिवड्याच्या आमच्या गॅरेजमध्ये अशा गाड्या उघडल्यावर फ्लायव्हीलवर (क्लच जिला घासतो ती चकती) जळल्याचे निळे डाग दिसतात. नुसत्या एअर फिल्टरने आवाज वाढतो, ताकद नाममात्र. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट तर नकोच, गाडीत मनमानी बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. हां, गाडी फक्त ट्रॅकवर पळवणार असाल तर आधी दणकट क्लच बसवा, मग रिमॅप.