टेक्सासमध्ये १९ वर्षांचा मुलगा मित्राच्या गाडीत मागे बसला होता, बीअरचा कॅन सापडला आणि तिकीट (कोर्टात हजर राहण्याची पोलिसांची नोटीस) मिळालं. आता काय?

प्यायला नसला तरी कॅन त्याच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं की पुरे. वय २१ च्या आत असताना दारू बाळगणं हाच गुन्हा. दर्जा ‘क्लास सी’, म्हणजे सर्वांत सौम्य. ५०० डॉलरपर्यंत दंड, ८ ते १२ तास समाजसेवा, दारूविषयक वर्ग, आणि गाडी चालवत नसूनही लायसन ३० दिवस बंद! तिकिटावरची सही म्हणजे कबुली नव्हे, फक्त हजर राहण्याचं वचन. तारीख चुकवली तर वॉरंट. गुन्हा कबूल करायचा तर न्यायाधीशांसमोरच. त्याआधी वकिलामार्फत ‘डिफर्ड डिस्पोझिशन’ (अटी घालून निकाल पुढे ढकलणं) मागा. अटी पाळल्या तर खटला रद्द होतो, शिक्षेची नोंद राहत नाही. कॅन नेमका कुणाच्या पायाशी होता, यावर बरंच अवलंबून. विद्यार्थी व्हिसावर असेल तर इमिग्रेशन वकिलालाही विचारा.